रेग्युलर की ‘बाहेरून’? कोल्हापुरात एम.कॉम. करू पाहणाऱ्यांसाठी

शिरोलीच्या एका फाउंड्रीत हिशेब सांभाळणारा माझा पुतण्या गेल्या महिन्यात घरी आला. चहा व्हायच्या आतच त्यानं विचारलं, ‘काका, एम.कॉम. रेग्युलर करू की बाहेरून?’ मी आठवडाभर कॉलेजात कॉमर्स शिकवतो आणि रविवारी दूरशिक्षणाच्या एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे अडलेलं समजावून देणारा शिक्षक, म्हणून जातो, म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा. तरी लगेच उत्तर देता आलं नाही. त्याला जे सांगितलं, तेच इथं जरा नीट मांडतो.

आधी त्या ‘बाहेरून’चं बघू. पूर्वी बहिःस्थ, म्हणजे वर्गात न बसणारा विद्यार्थी, म्हणून फॉर्म भरायचा, पुस्तकं कुणाकडून तरी मिळवायची आणि थेट परीक्षेला बसायचं. शिकवणं असा प्रकारच नव्हता. आता त्याचं दूरशिक्षण झालंय: स्वयंअध्ययनाची पुस्तकं आहेत, केंद्रावर शिक्षक भेटतात ती संपर्क सत्रं आहेत, घरून लिहून द्यायचे स्वाध्याय आहेत. पण शब्द तोच राहिला आणि त्यातला हिणकस सूरही राहिला. लग्न जमवताना ‘पोरगं एम.कॉम. आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, ‘रेग्युलर का?’

कागदावर मात्र हा भेद उरलेला नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठातून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एकाच वेळी दोन पदव्या करायलाही मुभा मिळाली, म्हणजे एक वर्गात बसून आणि दुसरी दूरशिक्षणाने असंही जमतं. अपवाद आहेतच. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा यांच्या पदव्या दूरशिक्षणाने देता येत नाहीत. तशी जाहिरात दिसली तर फोनसुद्धा करू नका.

कोल्हापूरकराला दूरशिक्षणाचे जवळचे पर्याय दोन. एक शिवाजी विद्यापीठाचं स्वतःचं दूरशिक्षण केंद्र. दुसरा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. ते १९८९ सालचं, त्याचं विभागीय केंद्र इथंच आहे आणि अभ्यासकेंद्रं तालुक्यांपर्यंत पोहोचलेली आहेत. इग्नू, म्हणजे दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, १९८५ पासून आहे, पण मराठीतून शिकलेल्या आमच्या पोरांना मुक्त विद्यापीठाची मराठी पुस्तकं जवळची वाटतात. या पुस्तकांबद्दल माझं मत चांगलं आहे. समोर शिक्षक नाही हे धरूनच ती लिहिलेली असतात, त्यामुळे कितीतरी ठिकाणी आमच्या तोंडी लेक्चरपेक्षा स्वच्छ समजावतात. वर्गातली पोरंही ती गुपचूप वापरतात.

आता विद्यार्थी काय म्हणतात ते बघू. पहिलं म्हणजे वेळ. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. रोज येणं-जाणं अशक्य, खोली घेऊन राहायचं तर पगार बुडतो, आणि बुडालेला पगार कुठल्याही फीपेक्षा मोठा असतो. त्यामुळे नोकरदार विद्यार्थ्याला दूरशिक्षण आवडतं का, हा प्रश्नच फिजूल आहे. त्याच्यापुढे दुसरा रस्ता नसतो. प्रवेश घेताना तो खूश असतो. खरं मत कळतं सहा महिन्यांनी, पुस्तकाचं पाचवं प्रकरण अडतं आणि विचारायला कुणी नसतं तेव्हा.

‘लग्न झालेल्या बायकांसाठी दूरशिक्षण उत्तम’ हे मीही वर्षानुवर्षं म्हणत आलो. केंद्रावरच्या एका विद्यार्थिनीनं तो भ्रम काढला. ती म्हणाली, ‘सर, कॉलेजला जाते म्हणून निघाले तर घरात कुणी अडवत नाही. घरात पुस्तक उघडून बसले की सासूबाई म्हणतात, रिकामी बसलीस ती जरा भाजी निवड.’ तिला वर्ग हवा होता तो घराबाहेर पडायच्या परवान्यासाठी, शिकणं त्याच्या मागून येणार होतं. अशा घरात राहत असाल तर दूरशिक्षण सोपं नाही, उलट जास्त अवघड आहे. सत्रं जास्तीत जास्त असतील तेच केंद्र निवडा आणि घरी त्यांना ‘कॉलेज’च म्हणा.

शिक्षकांचं मत वेगळ्याच तराजूत तोललं जातं. स्टाफरूममध्ये ऐकू येणारं वाक्य ठरलेलं आहे, ‘हे फक्त पास व्हायला येतात.’ त्यामागं थोडा राग कामाचाही आहे. रविवार जातो, मानधन बेताचं, हे तास वर्कलोडमध्ये धरत नाहीत आणि स्वाध्याय तपासायला घेतले की एकाच हस्ताक्षरात चौघांचे निघतात. त्यात २०२० चं टाळेबंदीतलं ऑनलाईन शिकवणं आलं. काळ्या चौकोनांकडे बघत ताळेबंद समजावला त्या आठवणीवरून अनेकांनी दूरशिक्षणालाच नावं ठेवली. वास्तविक ती घाईत केलेली डागडुजी होती. दूरशिक्षणात साहित्य आधी तयार होतं आणि विद्यार्थी त्याच्या सवडीनं शिकतो. माझं निरीक्षण असं की ज्यांनी दूरशिक्षणात कधी शिकवलेलंच नाही, त्यांचाच विरोध सर्वांत कडक असतो.

मीही त्यांच्यातलाच होतो. एका रविवारी परिव्ययातलं, म्हणजे कॉस्टिंगमधलं, उपउत्पादन शिकवत होतो, वर्गात नऊजण. साखर करताना निघणारी मळी आणि बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड, यांचं पुस्तकी उदाहरण फळ्यावर मांडलं, तर साखर कारखान्यातला एक क्लार्क उठला आणि म्हणाला, ‘सर, आमच्यात बगॅस आधी बॉयलरला जातो. विकला जातो तो उरलेला. मग सगळा तुम्ही विक्रीत कसा धरला?’ पुढचा अर्धा तास त्यानंच शिकवलं. सोमवारी हाच भाग मी शंभर जणांच्या रेग्युलर वर्गात घेतला. सगळ्यांनी उतरवून घेतला, प्रश्न एकही नाही. तो क्लार्क मात्र गळीत हंगाम सुरू झाला आणि दिसेनासा झाला, थेट परीक्षेलाच उगवला. हीही दूरशिक्षणाचीच बाजू आहे. वर्गातला मुलगा गळायला लागला तर आम्हाला निदान कळतं. इथं कोण गळालं हे हजेरीच्या कागदावरून समजतं, तेही उशिरा.

मायकेल मूर या अमेरिकेतल्या अभ्यासकाने दूरशिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजलंच नाही. शिक्षक-विद्यार्थ्यांत बोलणं किती होतं, अभ्यासक्रम किती घट्ट बांधलेला आहे आणि विद्यार्थी स्वतःच्या बळावर किती चालू शकतो, यावर त्याचं अंतर ठरतं. या मापानं माझा तो सोमवारचा वर्ग रविवारच्या वर्गापेक्षा लांब होता. म्हणून रेग्युलर की बाहेरून हे ठरवताना एकच विचारा: अडलं की कुणाला विचारणार, आणि तो किती दिवसांत उत्तर देणार?

त्यावरून माझा कल सांगतो. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पीएच.डी., प्राध्यापकी डोक्यात असेल तर नियमितच करा. विद्यापीठाचं ग्रंथालय, सेमिनार, मार्गदर्शकाशी ओळख हे सगळं पुस्तकाच्या संचाबरोबर येत नाही. कॅम्पस मुलाखतींतून नोकरी हवी असेल तरी तेच. पण नोकरी आहे आणि बढतीसाठी पदवी हवी, किंवा अभ्यासिकेत एमपीएससी चालू आहे आणि सोबत एम.कॉम. करायचंय, तर दूरशिक्षण घ्या, लाजू नका. नियमित वर्गात नाव घालून हजेरीसाठी विनवण्या करत फिरणाऱ्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक. नोकरी नाही, शिकण्याची सवयही मोडलेली आहे आणि ‘बघू घरी बसून’ असं वाटतंय, तर मात्र मी दूरशिक्षणाला नको म्हणेन. अशा मुलांना वर्गच ओढून नेतो.

प्रवेशाआधी तीन कामं करा. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठाबरोबर तो विशिष्ट अभ्यासक्रमही आहे का ते तपासा. २०२४ पासून लागणारा डेब आयडी, म्हणजे याच विभागाचा विद्यार्थी क्रमांक, स्वतः काढा; ऑनलाईन निघतो, आधी एबीसी आयडी (श्रेयांकांच्या खात्याचा क्रमांक) लागतो, एजंटाला पैसे देण्यासारखं त्यात काही नाही. आणि केंद्रावर सत्राच्या दिवशीच जा. बाकीच्या दिवशी तिथं फक्त फॉर्म घेणारा खिडकीवाला भेटतो. किती विद्यार्थी आलेत, समंत्रक वेळेवर आले का, पुस्तकं कधी हातात पडली, हे आधीच्या वर्षीच्या पोरांना विचारा. पुस्तकं परीक्षेच्या तोंडावर मिळाली अशी तक्रार दोघांनी केली तर दुसरं केंद्र बघा.

पुतण्याची अडचण यातल्या कशातच बसत नव्हती. सत्रं रविवारी आणि त्याची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्याच दिवशी. त्यानं एका सहकाऱ्याशी सुट्टी बदलून घेतली आहे, तूर्त एकाच आठवड्यापुरती. या रविवारी तो केंद्रावर जाऊन फॉर्म न भरता नुसता मागच्या बाकावर बसणार आहे. मी ज्या केंद्रावर शिकवतो ते सोडून दुसरं बघ, एवढं त्याला बजावलंय.