३०-६० चं स्टीलचं पेग मेजर: ७३ वर्षांच्या बाबांसाठी घेतलं, माझे साडेतीन स्टार

आधी सांगतो, दारू मोजायची ही वस्तू २४९ रुपयांची आहे, डमरूसारखी, एका बाजूला ३० मिली आणि उलटं केलं की ६०. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण एकाच फॅक्टरीतून निघून दहा नावांनी विकतात असं वाटतंय. बारमध्ये असतं तसलंच, पण मी ते बारसाठी नाही, बाबांसाठी घेतलं.

बाबा सांगलीला हायस्कूलमध्ये गणित शिकवून रिटायर झालेत. बुधवार, शनिवार, रविवार, आठच्या बातम्या लागल्या की दोन पेग, सोबत भाजलेले शेंगदाणे. "तीनच दिवस, दोनच पेग" हे ते कोणालाही सांगतात, डॉक्टरांनाही तेच सांगायचे, आणि खोटं बोलतायत असं त्यांना स्वतःला अजिबात वाटत नव्हतं. मग दिवाळीनंतर एका रात्री बाथरूमला उठले आणि चक्कर येऊन बेसिनवर आदळले, कपाळाला चार टाके. हाड मोडलं नाही हे नशीब, या वयात खुब्याचं हाड गेलं की माणूस कॉटवरच राहतो, आमच्या बिल्डिंगमध्ये दोन उदाहरणं आहेत. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, किती घेता, तर म्हणाले दोन. डॉक्टर म्हणाले, दोन म्हणजे किती मिली? आणि गणिताचे सर गप्प.

घरी येऊन मी हे मेजर मागवलं. पहिल्या शनिवारी बाबांना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखा भरा, मी काही बोलत नाही. त्यांची पद्धत म्हणजे ग्लासच्या बाजूला दोन बोटं लावायची आणि तिथपर्यंत ओतायची. ग्लास कुठल्याशा लग्नात आहेरात आलेला, बुडाशी हा एवढा पसरट. त्यांनी ओतली, मग मी ती मेजरमध्ये परत ओतून मोजली. तीसचं एक भरलं, दुसरं भरलं, वर अजून अर्धं उरलं. म्हणजे ७५. म्हणजे "दोन पेग" हे खरं तर दीडशे मिली, तीसचे पाच. आई किचनमधून ओरडली, तरीच म्हटलं बाटली पाच वेळातच कशी संपते! ७५० ची बाटली, दीडशेने भागा, पाच. चाळीस वर्षं पोरांना भागाकार शिकवलेल्या माणसाने हा एक भागाकार कधी केला नव्हता. वस्तूचे पैसे माझ्या मते तिथेच वसूल झाले.

आता हे तीस मिली महत्त्वाचं का ते सांगतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं (किंवा ७५ डिग्री प्रूफ, एकच गोष्ट). त्याचं तीस मिली म्हणजे जवळपास १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. बाबांचे आठवड्याला १५ पेग, म्हणजे १५० ग्रॅम. ब्रिटनमध्ये २०१६ पासून मोठ्यांना आठवड्याला १४ युनिटच्या वर जाऊ नका म्हणतात, तिकडचं युनिट ८ ग्रॅमचं, म्हणजे ११२. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्यांना कितीतरी वर्षं आठवड्याला सात ड्रिंक ही मर्यादा सांगायचे, त्यांचं ड्रिंक १४ ग्रॅमचं, म्हणजे ९८, आणि तेही गोळ्या चालू नसतील तर. हे सगळं बाबांनीच कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने मांडलं, मी फक्त आकडे सांगितले. कट्ट्यावरचे एक काका "मी हलकं घेतो, फक्त बिअर" म्हणतात, त्यांचंही गणित त्याच कागदावर झालं: ६५० मिलीची ८ टक्केवाली स्ट्राँग म्हणजे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. काका दोन दिवस कट्ट्यावर आलेच नाहीत.

पण इथे या मेजरची लिमिट पण लिहायला पाहिजे. ते मिली सांगतं, शरीरात पुढे काय होतं ते नाही सांगत. डॉक्टरांनी समजावलं ते असं की तरुण पुरुषाच्या वजनात साधारण ६० टक्के पाणी असतं, म्हातारपणी ते ५० च्या आसपास येतं, त्यामुळे तेवढीच दारू कमी पाण्यात मिसळते आणि रक्तात जास्त चढते. पंचेचाळिसाव्या वर्षीचा पेग आणि त्र्याहत्तराव्या वर्षीचा पेग मेजरमध्ये सारखाच दिसतो, पोटात गेल्यावर नाही. त्यात बाबांची बीपीची गोळी, म्हणजे पलंगावरून पटकन उठलं की प्रेशर खाली येणार, त्यात दारूमुळे रात्री लघवीला दोनदा जास्त उठणं, आणि आपल्या घराघरात बाथरूमसमोर असते ती ओली फरशी. वर शुगरची ग्लिमेपिराइड. दारू निस्तरण्यात लिव्हर गुंतलं की नवी साखर तयार करणं मागे पडतं, जेवण उशिरा झालं तर शुगर धाडकन खाली, आणि शुगर पडलेला माणूस आणि चढलेला माणूस दिसतो अगदी सारखाच, घरचे म्हणतात झोपू द्या, उतरेल. हे ऐकल्यावर आईने शेंगदाण्याऐवजी आधी जेवण असा नियमच केला. झोपेची गोळी तर त्या दिवशी अजिबात नाही.

"थोडी घेतलेली हार्टला चांगली असते" हे बाबांचं ठेवणीतलं वाक्य. त्यांच्या दारूच्या आजन्म परमिटवर तर सरकारनेच आरोग्य राखण्यासाठी म्हणून परवानगी दिलीय, १९४९ च्या दारूबंदी कायद्याची कृपा, हे ते हसत हसत दाखवतात. पण हार्टचं हे वाक्य ज्या जुन्या अभ्यासांतून आलं, त्यांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे सोडलेले लोकही मोजले जायचे, मग त्यांच्याशेजारी थोडी पिणारे तगडेच दिसणार ना. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या साठीच्या पुढच्या १,३५,१०३ पिणाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात अगदी क्वचित पिणाऱ्यांशी तुलना केली तर हार्टला फायदा काही सापडला नाही, उलट ज्यांना आधीच आजार आहेत किंवा परिस्थिती बेताची आहे त्यांच्यात कमी पिणाऱ्यांचेही कॅन्सरने मृत्यू जास्त दिसले. आता हा फक्त संबंध दिसलाय, कारण सिद्ध झालं असं नाही, पण बीपी-शुगरवाल्या बाबांना मी निरोगी लोकांच्या गटात कसं बसवू.

वस्तूबद्दल तक्रारी. एक, आकडे इतके बारीक कोरलेत की मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दिसत नाहीत. आईने ३० च्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. दोन, काठोकाठ भरलं तरच ३० होतं, आतून रेघ नाही, आणि म्हाताऱ्या हाताला थोडा कंप असतोच, त्यामुळे टेबलावर सांडतं. रेघवालं मिळालं तर तेच घ्या, पन्नास रुपये जास्त गेले तरी चालेल. स्टील चांगलं आहे, तीन महिन्यांत डाग नाही.

सध्या बाबांनी बुधवार सोडून दिलाय, शनिवारी-रविवारी तीसचे दोन, जेवणानंतर. दोनाचा एक कर म्हणून डॉक्टर मागे लागलेत, ती बोलणी चालू आहेत. आणि अर्धा स्टार कापलाय तो बाबांच्या सांगण्यावरून. मी किचनच्या वजनकाट्यावर पाणी घालून दोन्ही बाजू तपासल्या, ३० ची बरोबर निघाली, ६० च्या बाजूत ५७ च बसलं. बाबा म्हणाले, बघ, तीन मिली मारतायत, कंपनीला लिही. म्हटलं बाबा, ती बाजू तुम्ही वापरायचीच नाहीये. म्हणाले, तरी लिही.