लेबल कोणाच्या नावाचं?

फॅशन डिझाइनचं शिक्षण संपून दोन-तीन वर्षं झाली की एक प्रश्न डोकं वर काढतोच: मोठ्या डिझायनरच्या स्टुडिओत टिकून राहावं, की स्वतःचं लेबल, म्हणजे स्वतःचा ब्रँड, काढावं? मी दोन्ही करून बसलोय. सात वर्षं लग्नाचे कपडे करणाऱ्या मुंबईतल्या एका स्टुडिओत, मग सव्वातीन वर्षं स्वतःचं, आणि आता पुन्हा नोकरी. म्हणजे माझा कल कुठे आहे ते लपलेलं नाही. इथे बोलतोय ते भरजरी, लाखाच्या घरातल्या कपड्यांबद्दल. कुर्ते ऑनलाइन विकण्याचं गणित वेगळं असतं, त्यात मला गती नाही.

स्टुडिओत सगळ्यात मोलाची गोष्ट मिळते ती म्हणजे हात. कागदावरची वेल कोणीही काढतो. तिचा खाका (कागदावरचा नमुना) टोचून, पावडर घासून नक्षी कापडावर उतरली आणि अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लाकडी चौकटीवर, जरदोजीचे कारागीर बसले, की मगच कळतं आपली वेल किती बावळट आहे. माझी पहिली कोयरी चार वेळा उसवली गेली. डबका, म्हणजे स्प्रिंगसारखी वळवलेली जरीची तार, जाड पडत होता, वळणावर उभा राहत होता. चौथ्यांदा उसवल्यावर एका वयस्कर कारागिराने मला न विचारताच वळण थोडं सैल केलं आणि ती बसली. त्या चार वेळांचे पैसे स्टुडिओने भरले. स्वतःच्या लेबलमध्ये दुसऱ्यांदा उसवतानाच पोटात गोळा येतो, आणि मग आपण ‘चालेल’ म्हणायला शिकतो. या धंद्यात ‘चालेल’ म्हणायची सवय वाईट.

दुसरं सुख पगाराचं. ते मला तेव्हा कळलं नव्हतं. चातुर्मासात लग्नं थंडावतात, तुळशीचं लग्न लागलं की फोनवर फोन. पण कारागिरांना आषाढातही पोट असतं. त्यातले बरेचजण बंगाल, उत्तर प्रदेश, बिहारकडचे, ईदला गावी जाणारे. आणि हल्ली ईद नेमकी उन्हाळी लग्नांच्या तोंडावर येते. ही कसरत स्टुडिओत दुसरं कोणीतरी करतं. लेबल काढलं की तो दुसरा कोणीतरी म्हणजे आपणच.

नोकरीविरुद्धचा नेहमीचा मुद्दा नावाचा. रात्र-रात्र आपण जागायचं आणि रॅम्पवर येऊन नमस्कार साहेबांनी करायचा. मलाही ते खुपलं, नाही म्हणत नाही. पण या धंद्यात नाव फार थोड्यांचंच लागतं. ३० मार्च २०२३ ला दिओर या फ्रेंच फॅशन कंपनीचा शो गेटवे ऑफ इंडियासमोर झाला, तेव्हा कपड्यांवरचं भरतकाम आणि गेटवेवरचं ते अवाढव्य तोरण मुंबईतल्याच चाणक्य या भरतकाम करणाऱ्या संस्थेच्या लोकांनी केलं होतं. जगभर गाजलं नाव दिओरचं. उलट नाव चालत येतं अशीही उदाहरणं आहेत. सारा बर्टन ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनकडे शिकाऊ म्हणून आल्या. २०१० मध्ये मॅक्वीन वारले, सूत्रं बर्टन यांच्याकडे आली आणि पुढच्याच वर्षी केट मिडलटनच्या लग्नाचा पोशाख त्यांनी केला. आपल्या शेजारी गोव्यात डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१६ मध्ये आपल्या लेबलची धुरा शूलेन फर्नांडिस यांच्या हाती दिली. असं रोज घडत नाही, हे मान्य.

आता लेबलची बाजू. मला औरंगाबादच्या हिमरूचं, म्हणजे रेशीम आणि सूत मिसळून विणलेल्या नक्षीदार कापडाचं, वेड आहे. स्टुडिओत मी हिमरूचा बंदगळा सुचवला तेव्हा उत्तर आलं, ‘हे नवरीचा भाऊ घालेल, नवरा नाही.’ स्वतःचं काढलं आणि पहिल्याच हंगामात नाशिकच्या एका नवऱ्या मुलाने तो घातला. मांडवात तो उभा राहिला तेव्हा झालेला आनंद सात वर्षांच्या पगारात मिळाला नव्हता. आपला हट्ट चालवायचा असेल तर लेबलला पर्याय नाही. डिझायनर वैशाली शडांगुळे हातमागाचा हट्ट धरूनच २०२१ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या कुत्यूर वीकपर्यंत (हाताने घडवलेल्या उंची कपड्यांच्या फॅशन सप्ताहापर्यंत) पोचल्या. तिथे त्याआधी, २०२० मध्ये, राहुल मिश्रा हे पहिले भारतीय डिझायनर म्हणून गेले होते. दुसऱ्याच्या स्टुडिओत बसून हे झालं नसतं.

मग मी परत का आलो? एका कॉलरमुळे.

स्वतःचं दुकान परवडत नाही, म्हणून माल अनेक डिझायनरांचे कपडे ठेवणाऱ्या दुकानात कन्साइनमेंटवर द्यावा लागतो. विकला तर दुकान आपला वाटा कापून पैसे देणार (माझ्या वेळी ४० टक्के), तेही सवडीने. नाही विकला तर माल परत. क्रीम रंगाचं, कॉलरवर हातकाम केलेलं एक हिमरू जॅकेट पाच महिन्यांनी परत आलं. कॉलरच्या आतल्या कडेला मेकअपच्या फाउंडेशनचा पट्टा. पुरुषाच्या जॅकेटवर! म्हणजे कुठल्यातरी शूटला मिरवून आलं होतं. बाहीला कुणाच्यातरी अत्तराचा वास. ड्रायक्लीनवाल्याने जरीकाम बघून हात जोडले. दुकानाला फोन केला तर म्हणाले, ‘पीस विकलाच नाही ना, मग पैसे कसले?’ कॉलर उसवून पुन्हा करायला दोन कारागिरांचे अकरा दिवस गेले.

एक डाग म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या महिन्याची डायरी उघडली आणि चपापलो. पेन्सिल हातात धरलेले दिवस चार. बाकी सगळं चलन, परतीचा माल, ‘पेमेंट पुढच्या आठवड्यात’, आणि सकाळी अकरा ते दोन नुसती वसुली. डिझायनर व्हायला निघालो आणि उधारी मागणारा वाणी झालो. वाण्याला निदान डाळ परत आली तर तिला अत्तराचा वास तरी येत नाही.

कदाचित दोष माझाच. हिशेबाचं मला वावडं आहे. घरात कोणी हे सांभाळणारं असेल तर चित्र पालटतं. डिझायनर अनिता डोंगरे यांनी १९९५ साली सुरुवात केली ती बहीण-भावाला बरोबर घेऊनच. स्वतःची जागा असेल, कन्साइनमेंटची पायरीच चढावी लागणार नसेल, तर माझं म्हणणं अर्धं गळून पडतं. शिवाय ‘स्वतःचं’ तरी कुठवर? सब्यसाचींच्या कंपनीतला ५१ टक्के हिस्सा आदित्य बिर्ला समूहाकडे २०२१ मध्ये ३९८ कोटींना गेला. मनीष मल्होत्रांकडे ४० टक्के रिलायन्स आहे. पैसे आणि दुकानं सांभाळायला अखेर तेही दुसऱ्याकडे गेले. मी जरा आधी आणि फारच स्वस्तात गेलो, एवढंच.

तरीही लेबल काढायचंच असेल तर आधी पाच-सहा वर्षं स्टुडिओत काढा. नोकरी शोधतानाही एक गोष्ट पगाराआधी विचारा: अड्डे आवारातच आहेत की काम बाहेर जातं? बाहेर जात असेल तर दिवसभर व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवत बसाल, कोयरी कुठे अडली ते दिसणारच नाही, आणि तसल्या नोकरीची वकिली मी करत नाही.