दारू सोडणाऱ्यांच्या सभेतील पहिला दिवस

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला पहिल्यांदा जाताना दाराशी नाव-पत्ता लिहून घेतील, पैसे मागतील, असे मला वाटले होते; प्रत्यक्षात यांपैकी काहीच झाले नाही. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या या चळवळीत सदस्यत्वाची अट एकच आहे, ती म्हणजे दारू थांबवण्याची इच्छा, आणि खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. एकेक जण स्वतःबद्दल बोलत होता, बाकीचे मध्ये न बोलता, उपदेश न करता ऐकत होते. घरच्यांना कधीच सांगता न आलेली गोष्ट मी त्या शांततेत अनोळखी माणसांसमोर बोलू शकलो, आणि माझ्या दृष्टीने हेच या सभेचे सर्वांत मोठे देणे आहे. बोलायचे नसेल, तर नुसते ऐकत बसता येते. दारूपासून दूर राहण्यासाठी या चळवळीने सांगितलेल्या बारा पायऱ्यांमधील ईश्वराचा उल्लेख काहींना खटकेल, मात्र त्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे लावावा, अशी मोकळीक आहे. एक गोष्ट आवर्जून सांगतो: रोज भरपूर पिणाऱ्याने दारू अचानक बंद केल्यास झटके येऊन जिवावर बेतू शकते, म्हणून त्याने आधी डॉक्टरांना भेटावे.