वन-ऑन-वन: आठवड्याला अर्धा तास की महिन्याला एक तास?

वन-ऑन-वन म्हणजे मॅनेजर म्हणून तुम्ही टीममधल्या एकेकाशी ठरवून घेतलेली बैठक. महिन्यातून एकदा तासभर बसलं की बढती, पुढची दिशा यावर निवांत बोलता येतं. पण पहिल्या आठवड्यातली चूक चौथ्या आठवड्यात निघते; तोवर समोरच्याला प्रसंगच धड आठवत नाही. त्यात एक बैठक रद्द झाली की दोन महिने गाठ नाही.

आठवड्याच्या अर्ध्या तासात पहिली १५ मिनिटं समोरच्याची, पुढची १० तुमची, उरलेल्या ५ मिनिटांत कोण काय कधीपर्यंत करणार ते लिहून घ्या. धोका एकच, पण हमखास: या बैठकीचा नुसता स्टेटस रिपोर्ट होतो. ‘काम कुठवर आलं?’ हे चॅटवर विचारा. इथे ‘कुठे अडलंय?’ एवढंच. टीम दहाच्या वर असेल तर पंधरवड्याला बसा, नव्या माणसाबरोबर मात्र पहिले तीन महिने आठवड्यालाच.