अडेनियम: बी पेरावं की कलम आणावं?

ऑनलाइन बियांच्या पाकिटावर काळपट लाल, तिहेरी पाकळ्यांच्या अडेनियमचा, म्हणजे फुगीर बुंध्याच्या फुलझाडाचा, फोटो असतो. तशाच फुलाचं कलम नर्सरीत बऱ्यापैकी महाग, म्हणून हात पाकिटाकडे वळतो. पण बियांपासून मूळ झाडासारखंच फूल येईल याची खात्री नसते. अनेकदा साधं पाच पाकळ्यांचं गुलाबीच निघतं, आणि तेही साधारण वर्ष-दोन वर्षांनी. ठरावीक रंगच हवा असेल तर सरळ कलम घ्या.

मग बी कोणी पेरावं? ज्याला फुगीर बुंध्याचं वेड आहे त्याने. आफ्रिका आणि अरबस्तानच्या कोरड्या भागातलं हे झाड बुंध्यात पाणी साठवतं, आणि बियांच्या रोपाचा बुंधा लहानपणापासूनच फुगू लागतो. कुंडी बदलताना दर वेळी तो थोडा वर उचलत गेलात की जाड मुळंही दिसू लागतात. नुसती फांदी लावून केलेल्या रोपाला असा बुंधा सहसा येत नाही. स्वस्त मिळालं तरी ते मी घेणार नाही. कलमाखालचा खुंट, म्हणजे ज्यावर फांदी जोडतात ते रोप, बहुधा बियांचाच असतो, त्यामुळे बुंधा तिथेही मिळतो. पण आकार विकणाऱ्याने दिलेला, वर जोडाची खूणही दिसते.

कष्ट दोन्हीकडे आहेत. बी ताजं हवं. जुनं झालं की उगवण झपाट्याने घटते. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाडी वाळू, परलाईट (हलके पांढरे खडे) आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांत बी आडवं ठेवून वर पातळ थर द्यावा. ताजं बी आठवडाभरात उगवतं. लवकर पेरलेली रोपं पावसाळ्यापर्यंत थोडी दणकट होतात, तरी पहिल्या पावसात ती छपराखालीच हवीत, नाहीतर बुंधा सडतो. कलमही सडतंच. शिवाय जोडाखालून खुंटाचे फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत तर तेच जोर धरतात. खुडताना चीक हाताला लागू देऊ नका, तो विषारी असतो.

माझं मत बियांच्या बाजूने, कारण तो रस्ता बंद होत नाही. फूल नावडलं तर बुंधा तयार असतोच. कोरड्या, उबदार दिवसांत त्यावर ओळखीच्यांकडच्या आवडत्या रंगाच्या फांदीचं कलम बांधता येतं.