'व्हिंटेज कार्ट इंजिन' म्हणून खपवलेला जनरेटर

म्हापशाजवळ एक इंजिन विकलं गेलं. सांगणं असं की साठच्या दशकातलं अमेरिकन गो-कार्टचं, म्हणजे रेसच्या छोट्या उघड्या गाडीचं, शंभर सीसी, नावाची प्लेट कधीच गळून पडली. किंमत चाळीस हजार, टोकन यूपीआयवर. दोन हिसड्यांत सुरू झालं, निळा धूर, कान किटवणारा आवाज, आणि घेणारा भुलला. उघडल्यावर निघालं ते लाइट गेली की दुकानापुढे फटफटतं त्या जातीच्या छोट्या टू-स्ट्रोक जनरेटरचं.

हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, उघडू न देणं ही इथली खरी खूण होती. 'गॅस्केट मिळत नाही' असं विक्रेता सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार नट काढले की व्हर्नियरने बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मोजता येतो. तेही नाकारलं, तर निदान स्पार्क प्लग काढा, भोकातून बांबूची काडी पिस्टनवर टेकवा आणि फ्लायव्हील हाताने फिरवून वरची व खालची खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे स्ट्रोक. लोखंडी तार नको, ती अडकते आणि ओरखडे पाडते. प्लग तिरका असेल तर माप खऱ्यापेक्षा जास्त येतं, ते लक्षात ठेवा.

मग हिशेब: बोअर × बोअर × स्ट्रोक × 0.7854, मापं सेंटिमीटरमध्ये. या इंजिनाचा बोअर 45 मिमी आणि स्ट्रोक 40 मिमी, म्हणजे 63.6 सीसी. शंभराच्या जवळपासही नाही. जुन्या अमेरिकन इंजिनांची मापं घन इंचात असतात, 16.387 ने गुणा. कार्टवर बसणारी दोन अमेरिकन इंजिनं घ्या: वेस्ट बेंड 580 म्हणजे 5.8 घन इंच, साधारण 95 सीसी. मॅककुलक एमसी-10 चं 4.9, म्हणजे 80. यामाहा केटी-100 चं सांगणं असेल तर 52 × 46 मिमी, 97.7 सीसी यायला हवं, आणि कार्ब्युरेटर सिलिंडरलाच बसलेला हवा, कारण त्याचं इनटेक पिस्टन-पोर्ट आहे, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतलं भोक पिस्टनच उघडतो-झाकतो. मॅककुलकचं इनटेक रीड व्हॉल्व्हचं, म्हणजे लवचीक पातळ पट्ट्यांच्या झडपेतून थेट क्रँककेसमध्ये, इंजिनाच्या खालच्या पेटीत. पंखा आणि पत्र्याचं आवरण दिसलं म्हणून मात्र जनरेटर ठरवू नका, मॅककुलकलाही ते असतं.

केसिंगवरची अक्षरं घासून वर पुट्टी आणि रंग मारायची लबाडी सगळ्यांत स्वस्त. कापसाला थिनर लावून केसिंगवरच्या सपाट जागा घासा. रंगाखाली ग्राइंडरच्या रेघा दिसल्या, तर ओतीव अक्षरं घासून टाकलेली आहेत. या इंजिनात एक बुजवलेलं भोकही सापडलं, बहुधा गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग एकसारखा ठेवणाऱ्या यंत्रणेच्या, दांड्याचं. कार्टला गव्हर्नर कशाला?

गोव्याच्या खाऱ्या हवेचा इथे उपयोग होतो. चेनसॉपासून, म्हणजे साखळीच्या करवतीपासून, आलेल्या जुन्या इंजिनांचं केसिंग बरेचदा मॅग्नेशियमचं असतं, आणि मॅग्नेशियम इथे पांढरी पूड धरतं, खड्डे पडतात. साठ वर्षांचं केसिंग गुळगुळीत, म्हणजे एक तर नवीन, नाही तर पुट्टीचं. आतल्या बाजूला जरासं खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका: मॅग्नेशियम लगेच फसफसतं, अॅल्युमिनियम तसं नाही. फक्त मॅग्नेशियमवर ग्राइंडर मारू नका, कीस पेट घेतो.

शाफ्टकडे शेवटी बघतात, बघायला हवं आधी. जनरेटरच्या शाफ्टला रोटरसाठी टेपर, म्हणजे निमुळतं टोक, असतो, त्यावर चेनचं दातेरी चाक, स्प्रॉकेट, बसत नाही. म्हणून वर स्लीव्ह, म्हणजे नळीसारखं कडं, चढवून वेल्ड मारतात आणि लेथवर सफाई करतात. वेल्डची जागा उष्णतेने निळसर किंवा रंगात वेगळी दिसते. शाफ्टला डायल गेज, म्हणजे काट्याचं सूक्ष्म मापक, लावून तो हाताने फिरवल्यावर काटा डुलला तर सौदा मोडा. आणि पावतीवर 'व्हिंटेज इंजिन' एवढंच चालणार नाही. बोअर, स्ट्रोक आणि 'नंबर नाही' असं लिहून घ्या.

लोडशिवाय असला माल कितीही वेळ चालतो. जनरेटरची घडण 3000 आरपीएमवर स्थिर राहण्यासाठी, कार्टचं इंजिन दहा हजारांवर जायला बनतं. म्हापशाजवळच्या इंजिनाला चेन लावून रेस दिली, तेव्हा पहिल्याच वळणाच्या आत स्लीव्ह सांध्यावर तुटून स्प्रॉकेटसकट उडाली.