निडलची क्लिप की मेन जेट?

पन्हाळ्याच्या चढाला टू-स्ट्रोक डर्ट बाइक गुदमरली की कोल्हापूरच्या उद्यमनगरात पहिला सल्ला ठरलेला, "मेन जेट बदला." म्हणजे कार्ब्युरेटरमधला (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पेट्रोल सोडणारा भोकाचा छोटा स्क्रू; नंबर मोठा, तेवढं भोक मोठं. मला हे पटत नाही. आधी थ्रॉटल किती उघडा होता ते आठवा.

साधारण पाव ते पाऊण थ्रॉटल हा निडलचा, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या निमुळत्या सुईचा प्रांत. तिथे पेट्रोल कमी पडत असेल तर कार्ब्युरेटरचं वरचं झाकण उघडायचं, स्लाइड (थ्रॉटलबरोबर वरखाली होणारा, निडल धरणारा भाग) बाहेर काढायची आणि निडलच्या खाचेतली क्लिप एक खाच खाली बसवायची. निडल वर उचलली जाते, पेट्रोल वाढतं. अर्ध्या थ्रॉटलला इंजिन फडफडत, धूर ओकत असेल तर उलटं, एक खाच वर. पैसा लागत नाही. चढाला, चिखलात गाडी बहुतेक वेळ याच टप्प्यात असते, म्हणून माझं मत आधी क्लिप.

मेन जेटसाठी फ्लोट बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी उघडा, नवा जेट आणा. पण पाऊणच्या पुढे राज्य त्याचंच, आणि तिथली चूक महाग पडते. फुल थ्रॉटलला पेट्रोल कमी पडून माझा पिस्टन एकदा जाम झाला. सिलिंडरला नखाला लागतील असे उभे ओरखडे. तेव्हापासून मी मोठ्या नंबरापासून एकेक पायरी खाली येतो. फुल थ्रॉटलला पळवायची, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद, स्पार्क प्लग बाहेर काढून त्याच्या टोकाचा रंग बघायचा. पांढरा दिसला तर थांबा, जेट मोठा हवा. ओला काळा म्हणजे पेट्रोल जास्त. तपकिरी रंग हवा.

डिसेंबरच्या पहाटे हवा थंड, दाट असते. दाट हवेला पेट्रोलही जास्त लागतं, म्हणून तेव्हा मी मेन जेट एक नंबर मोठाच टाकतो.